ए-एस-फोर-हंड्रेडच्या यादीत पान नेमकं कोण उलटतं?

नाशिकजवळच्या अंबडमधल्या एखाद्या ऑटो पार्ट्सच्या कारखान्यात स्टोअरच्या खिडकीशी उभं राहिलं, तर आतल्या टेबलावर काळ्या पडद्यावरची हिरव्या अक्षरांची यादी आजही दिसू शकते. मटेरियल कोड, वर्णन, शिल्लक, रॅक नंबर. खाली उजव्या कोपऱ्यात ‘मोअर...’ असं लिहिलेलं. स्टोअरकीपर माउसला हातही लावत नाही. पेज डाउन, पेज डाउन, आणि हवं ते बेअरिंग सापडतं. हे मशीन म्हणजे आयबीएमचं ए-एस-फोर-हंड्रेड किंवा त्याचा आजचा वारस. २१ जून १९८८ रोजी ते जाहीर झालं. पुढे २००० मध्ये आय-सिरीज, २००६ मध्ये सिस्टिम आय आणि २००८ पासून ‘आयबीएम आय’ अशी त्याची नावं बदलत गेली, तरी कामावरची माणसं त्याला ए-एस-फोर-हंड्रेडच म्हणतात.

नाशिकच्या कॉलेजातून जावा नाहीतर पायथन शिकून आलेल्या मुलांना कधी कधी पहिल्याच नोकरीत आरपीजी या इथल्या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेतला प्रोग्रॅम हातात मिळतो. त्यांच्यासाठी हे लिहितोय. आणि त्या स्टोअरकीपरसाठीही, कारण त्याची तक्रार ठरलेली असते: “भाऊ, चौथ्या पानावरच्या आयटमची माहिती बघितली आणि परत आलो, तर यादी पुन्हा पहिल्या पानावर! आता परत खाली जात बसू का?” त्यावर त्याला बरेचदा “सिस्टिमच तशी आहे” असं सांगितलं जातं. सिस्टिम तशी नाही. यादी कुठे थांबावी, कुठून पुढे जावी, परत आल्यावर कोणती ओळ दिसावी, हे सगळं सांगण्याची सोय तिच्यात पूर्वीपासून आहे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने ती वापरलेली नसते, एवढंच.

आधी पडद्याचा स्वभाव समजून घ्यायला हवा. वेबपेजवर तुम्ही एक अक्षर टाइप केलं तरी ब्राउझरमधल्या कोडला ते लगेच कळू शकतं. इथे तसं नाही. हा पडदा सेतू केंद्राच्या खिडकीसारखा चालतो. अर्ज तुम्ही बाकावर बसून भरता, खाडाखोड करता, तेव्हा आतल्या माणसाला काहीही माहीत नसतं. अर्ज खिडकीतून आत सरकवला की मगच तो वाचतो. ५२५० जातीच्या या टर्मिनलवर एंटर, फंक्शन की किंवा पेज डाउन-पेज अप दाबणं म्हणजे अर्ज आत सरकवणं. तोवर प्रोग्रॅम झोपलेला असतो. पडदा नेहमीचा असेल तर २४ ओळी आणि ८० रकाने, मोठा असेल तर २७ ओळी आणि १३२ रकाने. एवढ्यातच सगळं बसवायचं असतं.

यादी दाखवायला या मशीनवर सबफाइल नावाची सोय आहे. सिस्टिम/३८ या आधीच्या मशीनपासून ती चालत आलेली आहे. सबफाइल म्हणजे यादीच्या ओळींसाठी मेमरीत तयार केलेली तात्पुरती फाइल. प्रोग्रॅम डेटाबेसमधून ओळी वाचतो, एकेक करून सबफाइलमध्ये लिहितो आणि मग सिस्टिमला सांगतो, आता दाखव. सबफाइलमधल्या प्रत्येक ओळीला १, २, ३ असा अनुक्रमांक असतो. पडद्याच्या व्याख्येत तिचे दोन भाग असतात: एका भागात एक ओळ कशी दिसेल ते, आणि दुसऱ्या भागात, म्हणजे कंट्रोल रेकॉर्डमध्ये, सगळी यादी कशी वागेल ते. आपल्याला काम आहे ते या कंट्रोल रेकॉर्डशी.

त्यात दोन आकडे लिहावेच लागतात. एक एसएफएल-पेज (एसएफएल म्हणजे सबफाइल): पडद्यावर एका वेळी किती ओळी दिसणार. दुसरा एसएफएल-साइझ: सबफाइलमध्ये किती ओळींची जागा धरायची. नवा माणूस हे दोन आकडे भरतो आणि पुढे जातो. पण पान कोण उलटणार, सिस्टिम की तुमचा प्रोग्रॅम, हे याच दोन आकड्यांच्या नात्यावर ठरतं.

समजा वर शीर्षक आणि रकान्यांची नावं, खाली फंक्शन कीची ओळ, असं सगळं सोडून यादीला १४ ओळी उरल्या. म्हणजे पेज १४. आता साइझही १४ च ठेवली, तर सबफाइलमध्ये एकच पान मावतं. पेज डाउन दाबलं की सिस्टिमकडे उलटायला पुढचं पानच नसतं, म्हणून ती कामगिरी प्रोग्रॅमकडे येते. पुढच्या १४ ओळी त्याने आणायच्या, आणि पेज अप दाबल्यावर मागच्या १४ ही त्यानेच शोधायच्या. साइझ १४ पेक्षा जास्त ठेवली, अगदी १५ केली, तरी चित्र बदलतं. आता सबफाइलमध्ये आधीच लिहिलेल्या ओळींमध्ये सिस्टिम स्वतः वर-खाली फिरवते, प्रोग्रॅमला जागंही करत नाही. शिवाय १५ ही मर्यादा राहत नाही. प्रोग्रॅम सोळावी ओळ लिहायला गेला, तर सबफाइल आपोआप वाढते. शेवटची हद्द ९,९९९ ओळी.

यातून यादी भरण्याच्या तीन रीती तयार झाल्या.

पहिली: सगळं एकदम भरून टाकायचं. लिहायला सर्वांत सोपी. प्रोग्रॅम फाइल संपेपर्यंत वाचतो, सबफाइल भरतो आणि सगळी पानं उलटण्याचं काम सिस्टिमवर सोडतो. कंपनीच्या डिपार्टमेंटची किंवा बँक खात्यांची यादी असेल तर हीच रीत वापरावी. मटेरियल मास्टरला, म्हणजे सगळ्या आयटमच्या मूळ फाइलला, मात्र कधीच वापरू नये. माणूस पहिली दोन-तीन पानं बघतो, आणि आपण त्याच्यासाठी हजारो ओळी वाचत बसतो. पडदा यायलाच उशीर होतो. कारखाना वाढला, आयटम दहा हजारांच्या पुढे गेले, की एक दिवस ९,९९९ ची हद्द येते आणि प्रोग्रॅम एरर देऊन थांबतो.

दुसरी रीत: लागेल तसं भरत जायचं. स्टोअरच्या कामाला मला हीच सर्वांत योग्य वाटते, म्हणून तिची एक फेरी नीट बघू.

पेज १४, साइझ १५. प्रोग्रॅमने पहिल्या १४ ओळी लिहिल्या आणि पडदा दाखवला. कंट्रोल रेकॉर्डमध्ये पेज-डाउन हा कीवर्ड आहे आणि त्याला एक इंडिकेटर, म्हणजे प्रोग्रॅमला वाचता येणारी चालू-बंद खूण, जोडलेला आहे, समजा २५ नंबरचा. (जुन्या प्रोग्रॅममध्ये याच कामाला रोल-अप हा कीवर्ड दिसेल. तिथे ओळी वर सरकतात असा विचार केलेला आहे, त्यामुळे पहिल्यांदा गोंधळ होतो.) स्टोअरकीपरने पेज डाउन दाबलं. सिस्टिम बघते, सबफाइलमध्ये पंधरावी ओळ आहे का? नाही. मग ती इंडिकेटर २५ चालू करून प्रोग्रॅमला जागं करते. प्रोग्रॅम डेटाबेसमधून पुढच्या १४ ओळी वाचतो आणि १५ ते २८ या क्रमांकांवर लिहितो. पडदा पुन्हा दाखवतो. आणि पडद्यावर काय येतं? परत पहिलंच पान.

नवी मुलं इथे हमखास अडकतात. ओळी नीट वाचल्या गेल्या, सबफाइलमध्ये पोचल्या, डीबगर लावला तर सगळं बरोबर दिसतं, आणि यादी मात्र हलायला तयार नाही. कारण कोणतं पान दाखवायचं ते सिस्टिमला कोणी सांगितलेलंच नसतं. सांगितलं नाही, की ती पहिलं पान दाखवते. सांगण्यासाठी एसएफएल-रेकॉर्ड-नंबर हा कीवर्ड आहे. तो चार अंकी फील्डवर लावतात. त्या फील्डमध्ये १५ हा आकडा टाकून पडदा दाखवला, की पंधरावी ओळ ज्या पानात आहे ते पान समोर येतं. सोबत ‘कर्सर’ असं लिहिलं, तर कर्सरही त्या ओळीवर जाऊन थांबतो. ‘स्टार-टॉप’ असं लिहिलं, तर ती ओळ पानाच्या अगदी वर येते.

आता स्टोअरकीपरने पेज अप दाबलं, तर मागच्या १४ ओळी सबफाइलमध्ये आहेतच. सिस्टिम स्वतः मागे नेते. परत पेज डाउन दाबलं, तरी तेच. प्रोग्रॅमला यातलं काही कळतही नाही. तो पुन्हा जागा होतो ते आणलेल्या ओळींच्या पलीकडे कुणी गेलं, किंवा एंटर नाहीतर फंक्शन की दाबली, तरच.

स्टोअरकीपरच्या तक्रारीचं मूळ नेमकं इथे आहे. तो स्वतःच्या मर्जीने पुढे-मागे फिरला, चौथ्या पानावर एका ओळीसमोर ‘५’ टाकून एंटर दाबलं, माहितीचा पडदा बघितला आणि एफ-१२ ने परत आला. मधल्या काळात तो कोणत्या पानावर होता, याची प्रोग्रॅमकडे नोंदच नाही. नोंद नसल्यामुळे प्रोग्रॅम यादी सुरुवातीपासून दाखवतो, किंवा शेवटी ज्या पानाचा आकडा टाकला होता त्या पानावर नेतो. दोन्ही चूकच.

उपाय एका ओळीचा आहे. कंट्रोल रेकॉर्डमध्ये पाच अंकी लपवलेलं फील्ड घ्यायचं आणि त्याला एसएफएल-स्क्रोल हा कीवर्ड लावायचा. पडदा प्रोग्रॅमकडे परत आला, की त्या क्षणी पडद्यावर सर्वांत वर कोणती ओळ होती तिचा क्रमांक सिस्टिम या फील्डमध्ये भरून देते. समजा ४३ आला. तोच आकडा चार अंकी रेकॉर्ड-नंबरच्या फील्डमध्ये ठेवायचा आणि पडदा दाखवायचा. स्टोअरकीपर जिथे होता तिथेच परत येतो. जुन्या प्रोग्रॅममध्ये हेच काम फाइलच्या माहितीच्या डेटा स्ट्रक्चरमधून, ३७८ व्या स्थानापासूनचे दोन बाइट वाचून केलेलं आढळेल. चालत असेल तर त्याला हात लावू नका. नव्या कामात एसएफएल-स्क्रोल वाचायला सोपं पडतं.

दोन गोष्टींची मात्र काळजी घ्या. रेकॉर्ड-नंबरमध्ये शून्य चालत नाही, आणि सबफाइलमध्ये आहेत त्याहून मोठा आकडाही चालत नाही. दोन्ही वेळा एरर येते. एफ-५ ने यादी ताजी केली, सबफाइल रिकामी करून पुन्हा १४ ओळी भरल्या आणि जुना ४३ तसाच राहिला, की झालाच घोटाळा. तसंच सबफाइलमध्ये एकही ओळ नसताना ‘दाखव’ म्हणणारा इंडिकेटर चालू ठेवला, तरी प्रोग्रॅम अडखळतो. एसएफएल-डिस्प्लेचा इंडिकेटर निदान एक ओळ लिहिली असेल तरच चालू करायचा.

पाना-पानाच्या गणिताचं आणखी एक सांगतो, कारण ते सुचायला सोपं आणि फसायला त्याहून सोपं आहे. वरच्या ओळीचा क्रमांक १४ ने भागून पान काढायचं, असा कोड बऱ्याच ठिकाणी दिसतो. पण एसएफएल-रोल-व्हॅल्यू लावलेली असेल, तर वापरणारा ‘पाचच ओळी सरक’ असं सांगू शकतो. मग पान १५ वरून सुरू न होता ६ वरूनही सुरू होतं. एका आयटमच्या दोन ओळी दाखवायच्या की एकच, अशी घडी घालण्याची सोय असलेल्या यादीत तर एका पानावर किती आयटम मावतात तेच बदलत राहतं. भागाकार करत बसू नका. वरची ओळ कोणती, ते सिस्टिमला विचारा, आणि दाखवताना स्टार-टॉप वापरा.

तिसरी रीत एका वेळी एकच पान ठेवण्याची, म्हणजे साइझ आणि पेज सारखे. यादी कितीही लांब असो, मेमरीत १४ च ओळी. प्रत्येक पान उलटताना डेटाबेसमधून नवं वाचन होतं, त्यामुळे दिसतं ते ताजं असतं. किंमत ही, की दोन्ही दिशांचं काम तुमच्याकडे येतं. आणि इथे लपलेली चूक पडद्यावर एरर न देता माणसाला चुकीची यादी दाखवते, म्हणून मला तिची सर्वांत जास्त काळजी वाटते.

सप्लायरची गावानुसार लावलेली यादी घ्या. पिंपळगाव नावाच्या गावांची आपल्याकडे वाण नाही. निफाड तालुक्यातलं पिंपळगाव बसवंत आहे, सातपूरजवळचं पिंपळगाव बहुला आहे. मास्टरमध्ये एंट्री करणाऱ्याने सगळ्यांपुढे नुसतं ‘पिंपळगाव’ टाकलं आणि तसे वीस सप्लायर झाले. पहिलं पान १४ ओळींचं, त्यातल्या शेवटच्या सहा पिंपळगावच्या. पेज डाउन दाबल्यावर पुढचं पान कुठून सुरू करायचं? प्रोग्रॅमने ‘शेवटचं गाव’ एवढंच लक्षात ठेवलं असेल, तर दोनच वाटा उरतात. सेट-लोअर-लिमिट लावून त्या गावापासून वाचलं, तर आधी दाखवलेले सहा पुन्हा दिसतात. सेट-ग्रेटर-दॅन लावून त्या गावाच्या पुढून वाचलं, तर उरलेले चौदा सप्लायर यादीतून गायबच होतात. खरेदी विभागातला माणूस म्हणणार, हा सप्लायर आपल्याकडे नाही, आणि नवा कोड उघडणार. एका पार्टीचे दोन कोड होण्यामागे असलं कारणही असू शकतं.

म्हणून अशा यादीची ‘की’, म्हणजे ओळी ज्यावरून लावल्या आणि शोधल्या जातात ते रकाने, कधीही एकट्या गावाची नसावी. गाव आणि सप्लायर कोड मिळून ठेवली, की प्रत्येक ओळ वेगळी ओळखता येते, आणि ‘या ओळीच्या पुढची’ या म्हणण्याला नेमका अर्थ येतो. एसक्यूएल वापरत असाल, तरी ऑर्डर-बायमध्ये दोन्ही रकाने हवेत आणि पुढच्या पानाची अटही दोन्ही मिळून लिहायला हवी. मागे जाताना पडद्यावरच्या पहिल्या ओळीची की घ्यायची आणि तिथून उलटं वाचायचं. १४ ओळी मागे जाण्याआधीच फाइलची सुरुवात लागली, तर अर्धं पान दाखवू नका, पहिलं पान सरळ नव्याने भरा.

या रीतीत आणखी एक गोष्ट निसटते. माणसाने तीन ओळींसमोर ‘५’ टाकला आणि एंटर न दाबता पेज डाउन दाबलं. दुसऱ्या रीतीत पान सिस्टिम उलटते, टाकलेलं सबफाइलमध्येच राहतं आणि पुढे रीड-चेंज्ड, म्हणजे बदललेल्या ओळी वाचण्याची सूचना, वापरताना ते मिळतं. तिसऱ्या रीतीत पान उलटण्यासाठी सबफाइल पुसली जाते. पुसण्याआधी बदललेल्या ओळी वाचून घेतल्या नाहीत, तर माणसाने टाकलेलं सगळं हवेत जातं, आणि त्याला पत्ताही लागत नाही.

दुसऱ्या रीतीचीही एक कमजोर बाजू आहे. पेज अप करून मागे गेलात, की दिसतात त्या ओळी मघाशी वाचलेल्या असतात. पडद्यावर बेअरिंगची शिल्लक ४० दिसते, पण तेवढ्यात शेजारच्या टेबलावरून त्यातले ३० इश्यू झालेले असू शकतात. म्हणून यादीत दिसलेल्या आकड्यावर विसंबून कधीच माल काढायचा नाही. ओळ निवडली, की तो रेकॉर्ड डेटाबेसमधून पुन्हा वाचायचा, आणि मगच पुढचं काम करायचं. एफ-५ ने यादी ताजी करतानाही ओळीच्या क्रमांकापेक्षा वरच्या आयटमचा कोड लक्षात ठेवावा. मध्ये एखादा नवा आयटम टाकला गेला असेल, तर क्रमांक सरकतात. कोड सरकत नाही.

आणि खरं सांगायचं, तर लांब यादीत पान उलटण्याची वेळच येऊ नये. आयबीएमच्या स्वतःच्या पडद्यांवर वर ‘पोझिशन टू’ असं एक रिकामं फील्ड दिसतं. त्यात कोडची पहिली चार अक्षरं टाकली, की यादी तिथून सुरू होते. आपल्या प्रत्येक मास्टरच्या यादीला हे फील्ड असावं. दुसऱ्या रीतीत ९,९९९ ची हद्द गाठेपर्यंत पेज डाउन करणाऱ्यालाही शोध आवळण्याची वाट मिळते. आणि ती हद्द जवळ आलीच, तर प्रोग्रॅमने स्वतः थांबून खाली तसा मेसेज द्यावा.

आता उजव्या कोपऱ्यातलं ते ‘मोअर...’. एसएफएल-एंडला स्टार-मोअर दिलं, की पुढे आणखी ओळी असताना ‘मोअर...’ आणि यादी संपली की ‘बॉटम’ दिसतं. काही दिलं नाही तर नुसतं अधिकचं चिन्ह येतं. दुसऱ्या रीतीत फाइल खरोखर संपली का, हे सिस्टिमला माहीत नसतं. ते प्रोग्रॅमने इंडिकेटर चालू करून सांगायचं असतं. तोच इंडिकेटर पेज-डाउनच्या कीवर्डला उलटा लावावा, म्हणजे यादी संपल्यावर पेज डाउन दाबलं तरी प्रोग्रॅम विनाकारण जागा होत नाही. पुढे काही नाही, हे सिस्टिमच मेसेज देऊन सांगते.

टेस्टिंग करताना एकही ओळ नसलेली यादी बघा, एक ओळ असलेली बघा, आणि नेमक्या १४ व २८ ओळींची तर नक्की बघा. चौदावी ओळ वाचून प्रोग्रॅम थांबला, तर पंधरावी आहे की नाही हे त्याला कळलेलंच नसतं. तो ‘मोअर...’ दाखवतो, माणूस पेज डाउन दाबतो, आणि पुढे काहीच नसतं. कधी रिकामं पान येतं. कधी रेकॉर्ड-नंबरमध्ये १५ जातो आणि सबफाइलमध्ये १४ च ओळी असल्यामुळे प्रोग्रॅम एररवर पडतो. त्यासाठी १४ लिहून झाल्यावर एक ओळ जास्तीची वाचायची. मिळाली तर ‘मोअर...’, आणि पुढच्या पानाची सुरुवात तिच्यापासून. नाही मिळाली, तर पहिल्याच पानावर ‘बॉटम’.